हाताची घडी

यीस्टची पुडी धारूरला मिळाली नाही.
माजलगावच्या बेकरीवाल्यानं कागदात बांधून दिली,
वर विचारलं, गुरुजी, शाळा सोडून पाव?
मी म्हणालो, पाव नव्हे, प्रेट्झेल.
ते नाव त्याच्या तोंडात बसलं नाही,
खरं तर माझ्याही.

जानेवारीतला रविवार.
हंगामी वसतिगृहात एकोणीस पोरं,
आईबाप कोयते घेऊन कारखान्यांवर,
आणि वरून आलेला कागद:
पुस्तकाबाहेरचं काहीतरी करून घ्यावे.

कोमट पाणी, साखर, पुडी. दहा मिनिटं थांबायचं.
एकोणीस डोकी एका तांब्यावर वाकली.
'सर, जाळ नसताना ह्ये उकळायलंय की,' समाधान म्हणाला.
'उकळत न्हाई, फुगायलंय,' अयोध्या म्हणाली,
'माझ्या मायचं पोट आसंच फुगलं व्हतं, संदिप्याच्या टायमाला.'
गयाबाई पदर तोंडाला लावून हसली.

मी मळायला बसलो आणि पाच मिनिटांत हरलो.
तिनं परात ओढून घेतली.
रोज शंभर भाकरी थापणारे हात,
मैदा त्यांना खेळणं.
'ह्याला ताकद कशाला गुरुजी,
लेकराच्या गालावानी तर हाय.'

भट्टी नव्हती.
ज्या वाळूत रेवन तीन मीटर उडी मारतो
त्या खड्ड्यातली वाळू
पोरांनी तीनदा धुतली, पत्र्यावर वाळवली,
खिचडीच्या पातेल्यात तळाला पसरली.
वर थाळी, झाकणावर निखारे.
कुणी शिकवलं नव्हतं, भांडत भांडत ठरलं.

मग वळणं. हातभर लांब दोरी,
टोकं उचलायची, एक पीळ, खाली चिकटवायची.
माझी गांडुळासारखी झाली.
म्हणून फळ्यावर खडूनं आकार काढला
तर मागून कुणीतरी ओरडलं,
'सर, ही तर हाताची घडी!'

खरंच की.
दोन दंड, दोन मनगटं, छातीवर ओलांडलेली.
बावीस वर्षं मी सांगत आलोय,
हाताची घडी, तोंडावर बोट,
आणि घडीत गेलेले हात
घडीच्या आधी काय करत होते
ते कधी विचारलं नाही.

दैवशालानं फळ्याकडं बघितलंच नाही.
दोरी उचलली, पीळ दिला, टोक दाबलं,
एका दमात. पुन्हा. पुन्हा.
कुठं शिकलीस?
'मोळी बांधताना वाढ्याचा पीळ असाच देत्यात.
मागच्या साली मी आईसंग कोपीवर व्हते.'
तिच्या बोटावर उसाच्या पात्यानं कापल्याचा व्रण,
पिठात दिसेनासा झाला.

सोड्याच्या उकळत्या पाण्यात घड्या सोडल्या.
बुडाल्या, वर आल्या, झाऱ्यानं काढल्या,
संक्रांतीचे उरलेले तीळ वरून.
काही सुटल्या. काही करपल्या.
रेवनच्या घडीचं भजं झालं
आणि तेच त्यानं आधी खाल्लं.
आलिशाच्या दाताखाली वाळू कर्रकन वाजली,
तिनं डोळे मिटले, गिळलं,
दुसरीसाठी हात पुढं केला.
तोंडावर बोट कुणाच्याच नव्हतं.
मीही सांगितलं नाही.

दैवशालानं एक घडी वहीच्या कागदात गुंडाळली.
'सर, पाडव्यापर्यंत टिकंल का?'
पाडव्याच्या आसपास ट्रॅक्टर परत येतात.
वाळवली तर टिकेल, म्हणालो.
मला माहीत नव्हतं.

महाराष्ट्राच्या नकाशाशेजारी एक खिळा होता.
तिथं तिनं ती दोऱ्यानं टांगली,
साखरेची गाठी टांगावी तशी.

फेब्रुवारीत उंदरानं एक दंड नेला.
मी काढून टाकायला स्टुलावर चढलो
तर खालून म्हणाली,
'ऱ्हाऊ द्या सर.
पीळ हाय अजून.
आई वळखंल.'